पाभरीमागचा मोर

मोर मेल्याचा फोन आला की मी आधी नक्षत्र बघते. हस्त चालू असला, ज्वारीच्या पेरण्या निम्म्याशिम्म्या उरकल्या असल्या, तर निम्मी चौकशी गाडी चालू करायच्या आधीच झालेली असते. बिबट्याचा फोन रात्री येतो, सापाच्या फोनाला काळवेळ नसते. मोराचा मात्र सकाळी, गडीमाणसं रानात पोचली की. "मॅडम, पाटाच्या कडंला दोन लांडोरी पडल्यात. मोर अजून तडफडतोय, लवकर या." बोलणारा नाव सांगत नाही, रान कुणाचं तेही सांगत नाही. बांधावरच्या लिंबाची नाहीतर पडक्या विहिरीची खूण देतो आणि फोन ठेवतो. त्याला त्याच गावात राहायचं असतं.

मी वनरक्षक. सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठानं माझं बीट आहे. जंगल म्हणावं असं इथं काही नाही. मुरमाड माळ, कुसळी गवताची कुरणं, आमच्याच विभागानं लावलेलं ग्लिरिसिडिया, ओढ्याकाठच्या बाभळी आणि चहूकडं शेतं. पाहुणे विचारतात, इथं तुम्ही राखता तरी काय? मोराला मात्र हेच पाहिजे असतं. रात्री बसायला एखादं उंच झाड, अंडी घालायला घाणेरीची नाहीतर बोराटीची जाळी, नाचायला मोकळी जागा आणि रोज प्यायला पाणी. उजनीचा कालवा आला, बोअर झाले, ऊस आला, तसं भर उन्हाळ्यात मोराला पाणीही मिळालं आणि लपायला जागाही. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, त्यांच्या लहानपणी मोर ओढ्याला दिसायचा. आता तो गोठ्यामागं कोंबड्यांच्या दाण्याला येतो.

मोराची शिकार म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बंदूकवाला उभा राहतो. तोही आहे, त्याच्याकडे येतेच. पण मी जे मेलेले मोर उचलले, त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर छर्रा नव्हता, पायात फास नव्हता. ते पेरलेल्या रानात पडलेले होते.

अशाच एका सकाळी गेले, तेव्हा मोर खरंच जिवंत होता. चोचीतून तार गळत होती, पाय मागं ताठ झालेले, पंख थरथरत होते आणि पिसारा ढेकळांत लोळत होता. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर माझ्या आधी पोचले होते. त्यांनी ॲट्रोपिन टोचलं, पण फार उशीर झाला होता. लांडोरी कधीच थंड झाल्या होत्या. एकीच्या चोचीपाशी मुंग्या आलेल्या होत्या, आणि त्या मुंग्याही जागच्या जागी मेलेल्या. हे बघितल्यावर कुणी मला 'रोगानं मेले असतील' म्हणालं तर मी वाद घालत नाही, फक्त त्या मुंग्यांचा फोटो काढून ठेवते.

शवविच्छेदन दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर झालं. पक्ष्याच्या गळ्याखाली दाण्याची पिशवी असते. खाल्लेलं आधी तिथं साठतं, मग पुढं जातं. डॉक्टरांनी ती कापून पांढऱ्या ट्रेमध्ये पालथी केली. ज्वारीचे दाणे, काही नुसते, काही गुलाबी रंग चढलेले. बियाण्याला औषध चोळलंय हे माणसाला कळावं म्हणून तो रंग देतात. मोराला त्या रंगाचा काय अर्थ? दाण्यांमध्ये बारीक काळपट खडे होते. ट्रे नाकाजवळ न्यायची गरजच नव्हती. लसणासारखा सडका, डोकं धरणारा वास ओटाभर पसरला होता. फोरेट. गावात त्याला सरसकट थायमेट म्हणतात. देशात या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. पण बंदी कागदावर येते तेव्हा कणगीमागं ठेवलेली पिशवी काही आपोआप उठून जात नाही.

व्हिसेरा मिठाच्या दाट पाण्यात, बरणीला सील, सीलवर पंचांच्या सह्या. मग उरलेला देह वनक्षेत्रपालांसमोर जाळायचा. पिसारा, नख्या, सगळं. जाळताना गावची पोरं भोवती उभी राहतात आणि एखादं पीस मागतातच. देता येत नाही. त्यांना ते पटत नाही, आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांच्या पोराला ते कसं पटवायचं हे मलाही अजून साधलेलं नाही.

मात्र खरं काम ओट्यावर नसतं, रानात असतं. विषानं मोर मेला एवढ्यानं भागत नाही. दाणा कुठं होता हे बघावं लागतं. मी उकिडवी बसून तास न् तास बघते. औषध लावलेलं बी तासात, मातीखाली असलं, वर नुसते चोचीचे खड्डे असले, तर शेतकऱ्यानं हुमणीसाठी नाहीतर खोडमाशीसाठी औषध टाकलं आणि मोरानं ते उकरून खाल्लं. पण बांधाच्या कडेला, पाऊलवाटेजवळ, जिथून पाखरं रानात उतरतात तिथं मूठभर दाणे उघड्यावर पसरलेले असले, तर ते बी उगवायला टाकलेलं नसतं. त्या दिवशी दोन्ही होतं. तासांतही होतं आणि लिंबाखालीही होतं. लिंबाखालचे दाणे मी चिमट्यानं उचलून पुडीत बांधत होते, तेव्हा रानाचे मालक आले. सत्तरीचे गृहस्थ, धोतर, डोक्याला पटका.

"मोराला कोण मारंल, बाई? मोरगावच्या देवाचं वाहन ते. माझ्या नातीच्या पुस्तकात मोरपीस हाय."

"आजोबा, मग हे लिंबाखाली कुणी टाकलं?"

ते बराच वेळ रानाकडं बघत राहिले. म्हणाले, "चार तास पेरून झालं की मागं वळून बघावं, तर ते पाभरीमागं चालत्यात. माणसाला भीत न्हाईत, बैलाला भीत न्हाईत. आमी पेरायचं आन् त्यांनी यचायचं. एकदा पेरलं, गेलं. आता दुबार पेरायला ओल कुठनं आणू?"

हा प्रश्न ज्याला सोलापूरची ज्वारी माहीत आहे त्यालाच नीट कळेल. आमच्याकडची मालदांडी काही पडत्या पावसावर येत नाही. परतीचा पाऊस काळ्या रानात मुरतो, त्या ओलीवर ती चार महिने काढते. वाफसा आला की आठ-दहा दिवसांत पेरणी उरकावी लागते. तेवढ्यात बी गेलं तर पुन्हा टाकलेलं उगवेलच असं नाही, आणि उगवलं तरी कणीस भरेल असं नाही. मोरानं खाल्लेला दाणा चिमूटभर असतो. त्याच्या मागं हंगाम जातो. भुईमुगाचं तेच. शेंग धरली की मोर पायानं माती उकरतो आणि डहाळा उलटा करून ठेवतो. टोमॅटोला एकेक चोच मारून पुढं जातो. हरभऱ्याच्या घाट्यांवर थवाच्या थवा उतरतो. मी अर्ज भरून घेते, पंचनामा करते. पण मोरानं खाल्लेली ओळ आणि न उगवलेली ओळ कागदावर सारखीच दिसते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे आणि मलाही.

दुसरी बाजू कायद्याची. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. या कायद्यात शिकारीची व्याख्या फार लांबरुंद आहे. गोळी घालणं ही शिकार, फास लावणं ही शिकार, आमिष दाखवणं, विष घालणं, त्यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं आणि पाखराची अंडी-घरटं मोडणं हीसुद्धा शिकारच. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. दंड आधी किमान दहा हजार होता, २०२३ च्या एप्रिलपासून पंचवीस हजार झाला. लिंबाखाली दाणे टाकणारा धोतरवाला माणूस आणि रात्री जीपमधून बार काढणारा माणूस, दोघं एकाच कलमात बसतात. गुन्हा मी दोघांवरही नोंदवते. दोघांबद्दल मला सारखंच वाटतं असं मात्र मी म्हणणार नाही.

जीपवाल्यांचं सांगते. मोर संध्याकाळी झाडावर चढतो आणि हलवल्याशिवाय झाड बदलत नाही. ओढ्याकाठची जुनी चिंच, करंज, एखादा पिंपळ. खाली विष्ठेचा पांढरा सडा पडलेला असतो. तो बघून पोरगंसुद्धा सांगेल की इथं मोर बसतात. अंधारात मोराला नीट दिसत नाही, म्हणून तो उडायला तयार नसतो. कुणीतरी खालून बॅटरीचा झोत धरला की मान उंच करून बसून राहतो. अवसेच्या आगंमागं हे चालतं. हत्यार बहुतेक वेळा छर्ऱ्याची एअरगन, कधी पीक राखायला म्हणून परवाना काढलेली बारा बोअर. करणारे कोण? तालुक्याच्या गावचे, पोटाला कमी नसलेले. कुणाचा वाढदिवस असतो, कुणी निवडणुकीत पडलेला नाहीतर निवडून आलेला असतो. मोराचं मटण उष्ण असतं, चरबी सांधेदुखीवर चालते, असल्या गोष्टी तोंडोतोंडी फिरत असतात. चवीचं विचाराल तर ज्यांना ज्यांना धरलं त्यांतल्या एकानंही चव चांगली होती असं सांगितलेलं नाही. दोरीसारखं चिवट असतं म्हणे.

एकदा शेतातल्या पार्टीवर छापा पडला, तेव्हा पातेलं चुलीवर होतं. "गावरान कोंबडा आहे," सगळे एका सुरात म्हणाले. शिजलेल्या रश्शातल्या फोडीवरून कोंबडा की मोर हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही. पण पाय कुणी शिजवत नाही. पाय उकिरड्यावर सापडले. करड्या रंगाचे, खवल्याखवल्यांचे, आमच्या वनमजुराच्या वितीपेक्षा लांब, मागं जाड काटा. फोडी हैदराबादच्या लॅकोन्स प्रयोगशाळेत गेल्या. तिथं डीएनएवरून प्राणी ओळखतात, शिजलेला असला तरी. अहवाल यायचा तेव्हा आला. मधल्या काळात माझी बदली करायचा बराच खटाटोप झाला, तो सोडून देते.

आता पारध्यांचं. हे नीट सांगायला पाहिजे, कारण आमच्या भागात मोराचं पीस हललं तरी बोट पालाकडे जातं. मी नवीन होते तेव्हा मलाही प्रत्येक गावात पहिल्यांदा तेच ऐकवलं गेलं: "माळावर पाल पडलंय, तिथं बघा." फासेपारधी हा फासानं शिकार करणारा समाज हे खरं आहे. तित्तर, लाव्हा, ससा, मोर, पूर्वी माळढोक आणि तणमोरही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं त्याच्या यादीत पारधीही घातले. सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत होती. त्या भागाला अजूनही सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्यानं पुसला. गावानं पुसला का, हे कुठल्याही चोरीनंतर पाल जाळायच्या धमक्या ऐकल्या की समजतं.

माझ्या बीटात एक पारधी आजी होत्या. त्यांच्या सासऱ्याचे फास त्यांनी जपून ठेवले होते, वापरात नव्हते. मला एकदा उलगडून दाखवले. बांबूच्या वीतभर खुंट्या, एकीला एक जोडलेल्या, प्रत्येक खुंटीवर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा पिळलेला फास, अंगठ्याला लागावा इतका गुळगुळीत. अशी माळ वाटेवर आडवी रोवायची. मग एक शिकवलेली गाय पुढं घालायची आणि तिच्या आडोशानं माणसानं वाकून चालायचं. गाय चरत चरत पुढं सरकते, पाखरं तिला बिचकत नाहीत, नुसती जागा देत देत हळूहळू फासाकडं सरकतात. पळवायचं नाही, उडवायचं नाही. आजी म्हणाल्या, "घाई क्येली का पाखरू ग्येलं." त्या गाईला म्हणे पोरीसारखं सांभाळायचे.

ते ऐकताना मला माळढोकाच्या शिकारीच्या जुन्या नोंदी आठवल्या. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजानं १८०९ ते १८२९ या काळात एकट्या अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. पंधरा किलोपर्यंत भरणारा, मीटरभर उंच, मैलावरून माणूस ओळखणारा पक्षी. मोकळ्या माळावर त्याच्या टप्प्यात जायचं कसं? तर बैलगाडीतून. गाडी सरळ त्याच्याकडं न्यायची नाही. शेतकरी आपल्या वाटेनं चाललाय असं दाखवत गोल गोल फिरवत जवळ आणायची. बैलगाडीला माळढोक भीत नसे. रोज बघितलेली वस्तू.

म्हणजे साहेबाला बैलगाडी उपयोगी पडली, पारध्याला गाय आणि आमच्या लिंबाखालच्या माणसाला पेरणी. शेतातलं मोठं पाखरू शेतातल्या गोष्टींवर विश्वास टाकून जगतं. बैल, औत, पाभर, दाणा, गोठा. त्याला बंदूकवाल्यापासून उडून जाता येतं. ज्याला ते भीतच नाही त्यापासून कसं उडणार? माझ्या नोकरीत मी इतके पंचनामे लिहिले, पण हे मला कळलं ते त्या केसांच्या फासांकडं बघताना.

आणि पारध्यांच्या बाबतीत आणखी एक सांगते. अकोला-वाशीमच्या बाजूला संवेदना नावाच्या संस्थेनं फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन तणमोर शोधले, गवताळ रानं राखली. तणमोर पावसाळ्यात गवतातून उंच उडी मारतो, एवढ्यावरच त्याचा पत्ता लागतो. ती उडी कुठं दिसेल हे पिढ्यान् पिढ्या माग काढणाऱ्या माणसाइतकं कुणाला कळणार? आमच्या आजींचा मुलगा मला मोराची बसायची झाडं दाखवतो. खालच्या विष्ठेवरून, पडलेल्या पिसांवरून आणि चिखलातल्या बुटांच्या ठशांवरून तो सांगतो: "मॅडम, हितं परवा रातच्याला दोन माणसं आलती. बूटवाली." पालात बूट कुणाच्या पायात असतो?

मोठ्या पाखरांची यादी आमच्याकडं मोरावर संपत नाही. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्याला पट्टकादंब येतात, कांड्या करकोचे येतात आणि दिवसा आसपासच्या हरभऱ्यात, ज्वारीत उतरतात. रात्री पाण्यावर जाळी लावणारे असतात. पण तो सगळा विषय भिगवणच्या अंगाचा, माझ्या बीटाचा नाही, म्हणून त्यावर अधिकारानं बोलत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचं बोलते. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, सोलापूर आणि नगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. एवढ्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. घर बांधायला परवानगी, विहीर खोदायला परवानगी लागायची, आणि लोकांचा राग पाखरावर निघाला. २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. आता नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. शेतकऱ्याला शत्रू करून शेतातलं पाखरू राखता येत नाही, हे आम्ही खात्यातली माणसं माळढोकापायी शिकलो असं मी धरून चालते. शिकलो नसलो तर मोर आहेच.

पिसांचं राहिलं. मोरपीस विकायला आपल्या देशात बंदी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं; बंदी परदेशी पाठवायला आहे. आपोआप गळलेलं पीस गोळा करता येतं, विकता येतं. मोर दरवर्षी पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनात, पिसारा गाळतो. दोनशेच्या आसपास लांब पिसं. पोरं पहाटे उठून ती वेचतात. वासुदेवाची टोपी, दर्ग्यातलं मोर्चेल, देवघरातला पंखा, सगळं त्यातूनच होतं आणि व्हायलाही हरकत नाही. पण गठ्ठा सापडला की मी टोकाचा डोळा बघत नाही, बुडखा बघते. गळालेल्या पिसाचा दांडा बुडाशी निमुळता, कोरडा, शिंपल्यासारखा पांढरा असतो. उपटलेल्याच्या बुडाला वाळलेल्या रक्ताची तपकिरी रेघ असते, कधी कातडीचा तुकडा. आणि गठ्ठ्यातली सगळीच पिसं बुडाशी कात्रीनं सरळ छाटलेली असतील, तर कुणी तरी रक्त लपवलंय. नैसर्गिक गळलेलं पीस छाटायचं कारणच काय? जत्रेत, चौकात, सिग्नलला मोरपिसं घेणाऱ्या वाचकांना एवढंच सांगते: बूड बघून घ्या. छाटलेलं घेऊ नका.

कोर्टाचं फार लिहीत नाही. खटले चालतात, लांबतात. पंच गावचेच असतात आणि चार-पाच वर्षांनी त्यांना फक्त सही केल्याचं आठवतं. पातेल्याच्या केसमध्ये प्रयोगशाळेचा कागद होता म्हणून ती उभी राहिली. विषाच्या केसमध्ये 'मी औषध हुमणीला टाकलं' यापुढं सरकणं अवघड असतं, म्हणूनच मी लिंबाखालच्या दाण्यांच्या पुड्या वेगळ्या बांधते, तासातल्या वेगळ्या, आणि दोन्हींचे फोटो पट्टी ठेवून काढते. आजोबांच्या केसमध्ये त्या पुड्या लागल्या. ते जामिनावर आहेत. भेटले की अजून 'बाई, चहा घ्या' म्हणतात. मी घेते.

या सगळ्याला उपाय काय, असं बैठकीत साहेब विचारतात तेव्हा माझं उत्तर फार छोटं असतं आणि बहुधा म्हणूनच कुणी ते लिहून घेत नाही. ज्वारीला मोर धोक्याचा असतो तो पेरणीपासून कोंब वर येईपर्यंतच्या आठवड्यात. ज्वारीचं रोप चार पानांवर आलं की त्याला त्यात रस उरत नाही. तेवढा आठवडा सकाळी उजाडता आणि संध्याकाळी दिवस मावळता राखण केली तर पुरतं. दुपारी मोर सावलीला असतो. राखण म्हणजे पूर्वीची गोफण आणि डबा. बुजगावण्याला मोर दोन दिवसांत ओळखतो, चमकी पट्टी वाऱ्यावर हलती असेल तोवर चालते. पेरताना वळणावर, पाभर उचलते तिथं बी सांडतं, तो सांडलेला दाणा उचलला नाही तर मोराला रानाची वाट आपणच दाखवतो. ट्रॅक्टरनं पेरणाऱ्यांकडं हे जास्त होतं. मागं एक माणूस चालवून ते कोपरे झाकून घ्यावेत. बीजप्रक्रिया करायची तर ज्वारीला गंधकाची करावी, कृषी विभागही तेच सांगतो. गेल्या हंगामात माझ्या बीटातल्या दोन गावांनी राखणीच्या पाळ्या लावल्या. चार-चार रानांना मिळून एक माणूस. त्या शिवारात मोर आले, आरडले, हुसकले गेले. मेला एकही नाही.

घरात फोरेटची जुनी पिशवी पडून असेल तर ती शेजाऱ्याला देऊ नका, ओढ्यात टाकू नका. सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. मेलेला मोर रानात सापडला तर घाबरून पुरू नका. पुरलेला मोर उकरून काढला की तुम्ही न केलेला गुन्हाही तुमच्याच अंगावर येतो, आणि कुत्र्यानं उकरून खाल्ला तर कुत्रंही मरतं. हात लावू नका, पोरांना पिसं घेऊ देऊ नका आणि १९२६ ला फोन करा. वन विभागाचा हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. तुमचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल, आम्हाला लिंबाची खूण पुरते.